घराचा पाया खचल्यास खर्च किती? सयाजीगंजच्या मातीवरून मांडलेला हिशेब

भिंतीला तडा गेलेला दिसला की घरमालक सर्वप्रथम गवंड्याला बोलावतो. गवंडी तडा खरवडतो, त्यात सिमेंट भरतो, वरून रंगाचा हात फिरतो आणि काम झाल्याचे समाधान मिळते. पुढच्या उन्हाळ्यात तोच तडा त्याच जागी पुन्हा उघडतो. दोन-तीन वर्षे हा क्रम चालल्यावर कधीतरी पायाकडे लक्ष जाते आणि मग खरा प्रश्न उभा राहतो : पायाच्या दुरुस्तीला लागणार किती?

या प्रश्नाची उत्तरे चक्रावून टाकणारी असतात. एकाच घरासाठी एक ठेकेदार पन्नास हजार सांगतो, दुसरा तीन लाख, तिसरा दहा लाख. यातला एक लबाड आणि दुसरा प्रामाणिक असेलच असे नाही. अनेकदा तिघे तीन निरनिराळ्या कामांचे दर सांगत असतात. पायाच्या दुरुस्तीचा खर्च तड्याच्या लांबी-रुंदीवरून ठरत नाही. पाया कशामुळे हलला, त्याखाली कोणती माती आहे आणि त्या मातीत पाणी कोठून येते, यांवरून तो ठरतो. हे समजून घेण्यासाठी गुजरातमधील वडोदरा शहराच्या सयाजीगंज या भागाचे उदाहरण बोलके आहे. कारण फुगणारी माती आणि वारंवार येणारा पूर, या पायाच्या दोन्ही वैऱ्यांशी त्या शहराची जुनी ओळख आहे.

नदी आणि काळी माती

सयाजीगंज हा वडोदरा रेल्वे स्थानक आणि विश्वामित्री नदी यांच्या दरम्यानचा भाग. महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांचे नाव त्याला लाभले आहे. १८७९ साली उभारलेला सयाजीबाग, महाराजांचा अश्वारूढ पुतळा असलेला काळा घोडा चौक, जवळच महाराजा सयाजीराव विद्यापीठ, अशा खुणांमध्ये ही वस्ती वसलेली आहे. गायकवाडांच्या काळापासून वडोदऱ्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हा परिसर परका नाही. आज तेथे जुनी बैठी घरे, दोन-तीन मजली इमारती, वसतिगृहे, हॉटेले आणि व्यापारी संकुले दाटीने उभी आहेत.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि वळणे घेत शहराच्या मधून वाहते. वरच्या अंगाला आजवा जलाशय आहे. पाणलोटात जोराचा पाऊस झाला आणि जलाशयातून पाणी सुटले की नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते. ३१ जुलै २०१९ रोजी वडोदऱ्यात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस पुन्हा महापूर आला आणि शहराचा मोठा भाग अनेक दिवस पाण्याखाली राहिला. पुराचे पाणी ओसरले की घरातील चिखल काढता येतो, फर्निचर बदलता येते. जमिनीत मुरलेले पाणी मात्र पुढे कितीतरी काळ आपले काम करीत राहते.

दुसरा वैरी काळी माती. वडोदरा आणि परिसरात ती बऱ्याच ठिकाणी आढळते, तर नदीलगत गाळाचे थर आहेत. एका भूखंडावर एक आणि शेजारच्या भूखंडावर दुसरा थर, असेही घडते. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या जातीची चिकण खनिजे असतात. ती पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या हातभर खोल भेगा शेतकऱ्याच्या परिचयाच्या असतात. तीच हालचाल घराच्या जोत्याखालीही होते. घराच्या मध्यभागाखालील माती झाकलेली असल्याने तिच्यातील ओल फारशी बदलत नाही. बाहेरच्या कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात खाली बसते. परिणामी घराची कड वर्षातून एकदा उचलली जाते आणि एकदा खाली येते. विटांच्या भिंतीला एवढी लवचीकता नसते, ती तडकते.

भारतीय मानकांनुसार खोल काळ्या मातीत बांधकाम करताना जमिनीखाली किमान ३.५ मीटरपर्यंत जाणारे, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घ्यावेत, असे सांगितले जाते. त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्याकडे रुजवले. ओलीतील चढ-उतार साधारणपणे जेवढ्या खोलीपर्यंत पोहोचतो, त्याच्या खाली घराचा भार नेणे हा त्यामागील विचार. जुन्या घरांचे पाये मात्र बहुधा मीटर-सव्वा मीटरवर थांबलेले असतात आणि दुखणे तेथूनच सुरू होते.

तडा काय सांगतो

प्रत्येक तडा पायाचा नसतो. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुधा सिमेंट आकसल्याने पडतात. स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यावरील आडवी भेग बहुतेक वेळा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची असते. पायाशी संबंधित तडा साधारणपणे खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरपा निघतो, विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढतो आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना दिसतो. तो वर रुंद व खाली निमुळता असेल, तर भिंतीची टोके खाली बसत असण्याची शक्यता अधिक. खाली रुंद असेल, तर मधला भाग बसत असण्याची. दरवाजे अडकू लागणे, फरशीला उतार येणे, जोते आणि अंगणातील फरसबंदी यांच्यात फट पडणे, ही सोबतची लक्षणे.

रुंदीचाही अंदाज घ्यावा लागतो. ब्रिटनमधील बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने केलेले वर्गीकरण अभियंते सर्वत्र वापरतात. त्यानुसार पाच मिलिमीटरपर्यंतचे तडे किरकोळ, पाच ते पंधरा मिलिमीटरचे मध्यम आणि त्यापुढचे गंभीर मानले जातात. मात्र रुंदीपेक्षाही महत्त्वाची आहे ती हालचाल. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून दर महिन्याला अंतर मोजावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. मे महिन्यात उघडणारा आणि सप्टेंबरमध्ये मिटणारा तडा मातीच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या फुगण्या-आकसण्याचा असतो. ऋतू कोणताही असो, केवळ वाढतच जाणारा तडा पाया खचत असल्याचे सांगतो. पहिल्या प्रकारात पाण्याचा बंदोबस्त केल्यावर बहुतेक वेळा भागते. दुसऱ्यात पायाला हात घालावा लागतो. वहीतील या बारा नोंदी कधीकधी काही लाख रुपये वाचवतात. तुळई सरकणे, भिंत ओळंब्याबाहेर झुकणे किंवा तडा आठवड्या-आठवड्याला वाढणे असे काही दिसले, तर मात्र नोंदी करीत थांबू नये. भिंतीला टेकू देऊन तातडीने अभियंत्याला बोलवावे.

पहिला खर्च : निदान

पुढील सर्व आकडे समजण्यासाठी एक घर गृहीत धरू. ३० फूट रुंद, ४० फूट लांब, विटांच्या भारवाही भिंतींचे, एकमजली. बाहेरील परीघ १४० फूट, म्हणजे सुमारे ४३ मीटर. येथे वापरलेले दर केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. गाव, हंगाम आणि गल्लीत ट्रक शिरतो की नाही, यांवरून ते खालीवर होतील. घरमालकाने आपल्या हाती आलेले दर त्यांच्या जागी घालावेत.

पहिला खर्च स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या पाहणीचा. पाहणी आणि लेखी अहवाल यांसाठी १० ते २५ हजार रुपये धरावेत. दोन ठिकाणी पाच-सहा मीटर खोल बोअर घेऊन प्रयोगशाळेत मातीची तपासणी करण्यासाठी आणखी ३० ते ६० हजार. या तपासणीत मातीचा मुक्त फुगवटा, म्हणजे पाण्यात ती किती फुगते, ते अवश्य मोजून घ्यावे. नळाच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांची गळती तपासण्यास काही हजार. एकूण ४० ते ९० हजार रुपये.

काहीही ‘दुरुस्त’ न होता एवढी रक्कम खर्च करणे अनेकांच्या जिवावर येते. परंतु पाया कोठे आणि कशावर उभा आहे हे न पाहता दिलेले अंदाजपत्रक हे अंदाजच असते, पत्रक नव्हे. अभियंता आणि ठेकेदार या दोन व्यक्ती वेगळ्या असाव्यात, हेही तितकेच महत्त्वाचे. ज्याला काम मिळणार आहे त्यानेच रोगाचे निदान केले, तर महागडे औषध लिहून दिले जाण्याचा संभव असतो. बोअरचा खर्च परवडत नसेल, तर निदान घराच्या दोन कोपऱ्यांशी पायाच्या तळापर्यंत छोटे खड्डे खणून अभियंत्याला पाया व माती प्रत्यक्ष दाखवावी. हे काम एका-दोघा मजुरांच्या दोन दिवसांच्या मजुरीत होते.

दुसरा खर्च : पाण्याची वाट

काळ्या मातीत पायाचे बरेचसे दुखणे पाण्याच्या असमान वाटपातून येते. घराच्या एका कोपऱ्याला गळकी मोरी, दुसऱ्याला उन्हाने तापणारे कोरडे अंगण. एका बाजूला पन्हळीविना पडणाऱ्या पागोळ्या, दुसऱ्या बाजूला भिंतीलगत वाढलेला पिंपळ. झाड मुळांनी ओल शोषते आणि माती आकसते. तेच मोठे झाड एकाएकी तोडले तर ओल परत भरते आणि माती फुगून पाया उचलला जातो. म्हणून झाड तोडण्यापूर्वीही सल्ला घ्यावा.

उपाय साधे आहेत. गळक्या वाहिन्या बदलणे, छपराचे पाणी पन्हळीतून घरापासून दूर नेणे, आवाराचा उतार घराकडून बाहेर करणे आणि जोत्याभोवती दीड मीटर रुंदीची फरसबंदी घालणे. आपल्या नमुना घराभोवती अशी फरसबंदी सुमारे ७८५ चौरस फूट भरते. चौरस फुटाला १२० ते १६० रुपये धरल्यास ९४ हजार ते सव्वा लाख रुपये होतात. वाहिन्या व पन्हळी यांसाठी ३० ते ७५ हजार धरले, तर हा टप्पा सव्वा ते दोन लाखांत आटोपतो. फरसबंदी आणि भिंत यांतील सांधा लवचीक मसाल्याने भरावा. सिमेंटने भरला तर पहिल्याच हालचालीत तो उघडतो आणि पाणी नेमके पायाशी उतरते.

या कामानंतर एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा आणि तड्यांच्या नोंदी चालू ठेवाव्यात. हालचाल थांबली, तर पुढचा मोठा खर्च टळला. पुरानंतरही घाई घातक ठरते. माती भिजून फुगलेली असताना बुजवलेले तडे माती वाळल्यावर पुन्हा उघडतात. तळघरात पाणी साचले असेल, तर बाहेरची जमीन चिंब असताना पंप लावून ते एकदम उपसू नये. बाहेरील पाण्याच्या दाबाने तळघराची भिंत आत कोसळू शकते. पाणी टप्प्याटप्प्याने उतरवावे.

तिसरा खर्च : पायाखाली पाया

पाण्याचा बंदोबस्त करूनही भिंत खचत राहिली, किंवा पुराने पायाखालची माती वाहून गेली असेल, तर अंडरपिनिंग करावे लागते. अंडरपिनिंग म्हणजे जुन्या पायाखाली, भरवशाच्या थरापर्यंत, नवा पाया घालणे. समजा नमुना घराची एक १० मीटर लांबीची भिंत खचली आहे, जुना पाया एक मीटर खोल आहे आणि टणक थर अडीच मीटरवर लागतो. म्हणजे जुन्या पायाखाली दीड मीटर उंचीचे काँक्रीट घालावे लागेल. रुंदी ०.९ मीटर धरली, तर काँक्रीट साडेतेरा घनमीटर. थोडे थोडे, हाताने घालायचे काम असल्याने साचे धरून घनमीटरला ८,५०० रुपये धरले, तर १ लाख १४ हजार ७५० रुपये. खोदाई सुमारे साडेअडतीस घनमीटर. हाताने खोदणे, कडा कोसळू नयेत म्हणून आधार देणे आणि माती वाहून नेणे यांसह घनमीटरला ८०० रुपयांप्रमाणे ३० हजार ८०० रुपये. टेकू, जुन्या-नव्या पायातील फट घट्ट ठासून भरणे, खड्डे बुजवणे, फरशी पूर्ववत करणे यांसाठी ४५ हजार. बेरीज १ लाख ९० हजार ५५० रुपये, म्हणजे मीटरमागे सुमारे १९ हजार. नोंदणीकृत ठेकेदाराचा १८ टक्के जीएसटी धरला की रक्कम सव्वादोन लाखांच्या घरात जाते. हेच काम साऱ्या बाह्य परिघाला करायचे ठरले, तर करासह साडेनऊ लाखांच्या पुढे जाते.

काळ्या मातीचा थर याहून खोल असेल, तर खड्डे खणत जाणे धोक्याचे ठरते. मग भिंतीच्या दोन्ही अंगांना पाइल घेऊन, भिंतीतून आरपार आडव्या तुळया घालून भार त्यांवर घेतात. दहा मीटर भिंतीला दर दोन मीटरवर एक, अशा सहा तुळया आणि चार मीटर लांबीचे बारा पाइल लागले, पाइलला मीटरमागे ३ हजार आणि तुळईमागे १५ हजार धरले, तर करापूर्वीचा खर्च सुमारे २ लाख ३४ हजार रुपये. यंत्र आवारात शिरत नसेल, तर तो वाढतो.

येथे पैशापेक्षाही मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. अंडरपिनिंगमध्ये एका वेळी मीटर-सव्वा मीटरपेक्षा अधिक लांबीचा पाया उघडा करायचा नसतो. एक खड्डा खणायचा, काँक्रीट घालायचे, ते पक्के होऊ द्यायचे, मग काही अंतर सोडून पुढचा घ्यायचा. लगतचे दोन खड्डे एकाच वेळी कधीही उघडे ठेवायचे नाहीत. चार दिवसांत काम उरकण्यासाठी भिंतीलगत सलग चर खणणारा ठेकेदार स्वस्त पडतो. पण त्या भिंतीखाली उभ्या असलेल्या मजुराचा आणि घरात झोपलेल्या कुटुंबाचा जीव तो धोक्यात घालतो. खड्ड्यांचा क्रम दाखवणारा अभियंत्याचा नकाशा हाती आल्याशिवाय कुदळ मारू देऊ नये.

तडे बुजवणे हा शेवटचा टप्पा. हालचाल थांबल्याची खात्री झाल्यावर विटांच्या सांध्यांत सळ्या बसवून भिंत शिवणे, दाबाने सिमेंट किंवा इपॉक्सी भरणे, गिलावा आणि रंग, यांसाठी ५० हजार ते दीड लाख धरावेत. पहिल्याच दिवशी गवंड्याने जे काम सांगितले होते, ते हेच.

अंदाजपत्रकात न दिसणारे

कोणत्याही अंदाजपत्रकावर १० ते १५ टक्के रक्कम राखून ठेवावी. जमिनीखाली काय निघेल ते खोदल्यावरच कळते. काम चालू असताना भाड्याने राहावे लागले तर ते भाडे, सामान हलवणे, नळ-वीज तोडून पुन्हा जोडणे हे खर्च ठेकेदाराच्या कागदावर नसतात. दर एकठोक न घेता खोदाई, काँक्रीट, सळ्या यांचे मोजमापानुसार वेगळे घ्यावेत आणि पैसे खड्ड्यागणिक, अभियंत्याच्या सहीनंतर द्यावेत. दर अवाच्या सवा वाटले, तर राज्याच्या बांधकाम खात्याची दरसूची ताडून पाहावी. ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्यांनी नोंदणी केलेली नाही, अशा छोट्या ठेकेदाराला जीएसटी आकारता येत नाही. त्याने तो मागितला, तर नोंदणी क्रमांक विचारावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील कर २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्यापूर्वीची अंदाजपत्रके नव्याने मागवावीत.

भार कोणावर?

घराचा विमा असेल तर सर्व मिळेल, ही समजूत चुकीची आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांकडे उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर, भूकंप आणि घराखालील जमीन खचणे यांचा समावेश आहे. परंतु नव्या बांधकामाचे स्वाभाविक बसणे, भरावाच्या जमिनीची हालचाल, नदी वा समुद्रामुळे होणारी धूप आणि सदोष आराखडा अथवा निकृष्ट काम यांमुळे झालेले नुकसान त्यातून वगळले आहे. म्हणून पुरानंतर दावा करताना पाण्याची भिंतीवरील खूण, तारखेसह छायाचित्रे आणि अभियंत्याचा कारण सांगणारा अहवाल निर्णायक ठरतो. निदानावर केलेला खर्च येथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो.

रेरा कायद्याखालील नव्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील रचनात्मक दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. तक्रार लेखी असावी. इमारतीत पाया सर्वांचा असतो. तळमजल्यावरच्याच भिंतीला तडा गेला म्हणून वरच्या मजल्यावरील रहिवाशांना हात वर करता येत नाहीत.

सयाजीगंजसारख्या दाट वस्तीत आणखी एक कारण वारंवार उद्भवते. शेजारच्या भूखंडावर तळघरासाठी खोल खोदाई होते आणि जुन्या घराच्या पायाचा आधार सुटतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत लगतच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क मान्य केला आहे; घराच्या भारासह असा आधार वीस वर्षे निर्वेधपणे मिळाला असेल, तर तोही हक्क होऊ शकतो. शेजारी खोदाई सुरू होण्यापूर्वी आपल्या घराच्या प्रत्येक भिंतीची छायाचित्रे काढून ठेवणे, हा बिनखर्चाचा विमा होय.

दुरुस्तीसाठी कर्ज काढल्यास, स्वतः राहत असलेल्या घराबाबत जुन्या करप्रणालीत वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंतच्या व्याजावर वजावट मिळते.

दुरुस्ती की पुनर्बांधणी?

नमुना घर १,२०० चौरस फुटांचे आहे. चौरस फुटाला दोन हजार रुपये धरले, तर ते नव्याने बांधण्यास २४ लाख लागतील. एका भिंतीची दुरुस्ती या तुलनेत नगण्य ठरते. परंतु चारही भिंतींचे अंडरपिनिंग, पाण्याची कामे, तडे आणि राखीव रक्कम मिळून आकडा बारा-चौदा लाखांवर गेला, म्हणजे नव्या घराच्या निम्म्यापाशी पोहोचला, तर थांबून विचार करावा. स्थानकाजवळच्या जागेला मोठा भाव असतो आणि ‘घर खचले आहे, आता पाडाच’ असे सांगणाऱ्याचा डोळा कधीकधी जमिनीवर असतो. गुजरातमध्ये २०१८ च्या कायदादुरुस्तीनंतर पंचवीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या पुनर्विकासास ७५ टक्के सदनिकाधारकांची संमती पुरेशी ठरते. असा निर्णय घेताना माती आणि पाया यांचा स्वतंत्र अहवाल हाती असेल, तर घर पडण्याच्या भीतीपोटी सही करण्याची वेळ येत नाही.

गोव्यातील घरांसाठी

गोव्याची माती वेगळी आहे. हिशेबाची रीत मात्र तीच. जांभ्या दगडाचा वरचा थर टणक असतो, पण त्याखाली मऊ, पांढरट-पिवळसर चिकणमाती असू शकते. डोंगर कापून घर बांधताना हा वरचा थर निघून गेला, तर पाया त्या मऊ थरावर येतो. खाजन जमिनीलगतची घरे खाडीच्या गाळावर आणि शेतात भराव टाकून उभी केलेली घरे त्या भरावावर टेकलेली असतात. भराव वर्षानुवर्षे बसत राहतो आणि विम्याच्या अपवादांत तोच येतो, हे विसरता कामा नये. जुन्या चिऱ्याच्या भिंतींतील मातीचा किंवा चुन्याचा दर्जा सतत भिजल्याने कमी होतो. राज्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडत असता पागोळीचे पाणी जोत्याशी पडू देणे, ही सर्वांत महागात पडणारी काटकसर ठरते.

काळी माती नसल्याने येथे ऋतूनुसार फुगण्या-आकसण्याचा त्रास कमी. पायाखालची माती वाहून जाण्याचा आणि भराव बसण्याचा अधिक. त्यामुळे सयाजीगंजमध्ये चालणारा उपाय गोव्यात जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. क्रम मात्र दोन्हीकडे सारखाच ठेवावा : आधी नोंदी, मग निदान, मग पाणी, त्यानंतरही गरज उरली तर पाया आणि सर्वांत शेवटी तडे. नमुना घराच्या बाबतीत पहिल्या तीन पायऱ्या सुमारे पावणेदोन ते तीन लाखांत होतात आणि अनेक घरांना तेथेच थांबता येते. उलट क्रमाने जाणारा घरमालक दरवर्षी रंगाचे पैसे भरतो आणि शेवटी पायाचेही. येत्या पावसाळ्यापूर्वी पेन्सिलीची पहिली खूण भिंतीवर करून ठेवावी. तिला एक पैसाही लागत नाही.